उलटतपास

डॉक्टर मिठाईवालाबाईंनी
(दाताच्या डॉक्टरचं नाव खरंच हेच,
चेंबूरला, दुसऱ्या मजल्यावर पाटी आहे)
आरसा धरून दाखवलं :
दाढांचे उंचवटे घासून सपाट,
टाकी लावायची राहून गेलेल्या जात्यासारखे.
"रात्री काय दळता?" म्हणाल्या.
हसायला तोंड उघडलं
तर कानाजवळ खट्ट झालं.

मी कुर्ला कोर्टात लघुलेखिका.
सव्वीस वर्षं लोक बोलतात, मी उतरवून घेते,
बोलले तेवढंच.
हुंदका टाइप करता येत नाही.
साहेब सांगतात, "लिहा, साक्षीदार गप्प राहिला."

तर आता कपाळाला ही पट्टी.
आत सेन्सर, करंगळीच्या नखाएवढा.
स्नायू आवळला की गुणगुणते,
आधी डासासारखी,
मग तगादेवाल्यासारखी.
सणाची उचल हिच्यात गेली,
घरी आकडा सांगितलेला नाही.
भाच्याने, ओजसने, फोनला जोडून दिली.

पहिल्या रात्री चौऱ्याऐंशी वेळा.
सगळ्यात लांब आवळ
तीन वाजून सतरा मिनिटांनी, अकरा सेकंद.
अकरा सेकंद म्हणजे किती,
ते ओट्यापाशी उभं राहून, दात मिटून मोजलं.
एक अख्खं वाक्य बसतं त्यात,
कर्ता, कर्म, क्रियापदासकट.

आईसुद्धा झोपेत दात खायची.
बाबा म्हणायचे, हिला लहान पोरासारखे जंत झालेत.
वावडिंगाचा काढा दिला, कडू, तीन महिने.
आता तिची कवळी रात्रभर वाटीत, पाण्यात,
आणि हिरड्यांवर हिरड्या
चालूच.

दुसऱ्या आठवड्यात एकोणसाठ. तिसऱ्यात बावीस.
"शरीर शिकतंय," मिठाईवालाबाई खूश.
मी पूर्ण जांभई दिली.
आठ महिन्यांनी पेरू
सुरी न लावता खाल्ला.

मग एका शनिवारी सुधन्वा म्हणाला,
"बघू, मलाही बांध. माझेही निघतील शे-दीडशे."
मुंडावळ्या बांधाव्यात तशी बांधून घेतली
आणि झोपला.
मी अंधारात कान देऊन पडले.
पंखा. टाकीचा फ्लोट.
रिफायनरीकडून येणारा गोडसर वास.
पट्टी गुणगुणली नाही.

सकाळी आलेखात शून्य.
एक सरळ रेघ, पट्टीनेच आखलेली.
"बघ," तो म्हणाला, "मला टेन्शनच नाही कशाचं,"
आणि ब्रशवर पेस्ट घेतली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
ही म्हण मला कायम दुसऱ्या कुणाची वाटायची.
आणि तोंड दाबलंय कुणी,
ते तर म्हणीत सांगितलेलंच नाही.

त्या रात्री पट्टी परत माझ्या कपाळावर.
तीन सतराला गुणगुणली. जाग आली.
दात सोडवले, जीभ टाळूला लावली,
शिकवल्याप्रमाणे.
आणि त्याच्या पाठीकडे बघत
मला येते त्या एकाच मराठीत, कोर्टाच्या,
पहिल्यांदाच स्वतःच्या वतीने म्हटलं :

हे म्हणणे खरे नाही की मला काही सांगायचे नव्हते.
हे म्हणणे खरे नाही की मी विसरले.
दोन हजार सहा साली नागपूर खंडपीठाला माझी निवड झाली होती.
नकाराचा अर्ज मला आता दाखवण्यात आला.
त्यावरील सही माझी आहे.
मजकूर माझा नाही.

तो कुशीवर वळला. "काय?" म्हणाला.
"काही..." एवढं तोंडात आलं
आणि पुढचं "नाही" मी गिळलं नाही,
बाहेरही काढलं नाही. तसंच ठेवलं, जिभेवर.

सकाळच्या आलेखात, तीन एकोणीसपाशी,
एक वेडीवाकडी खूण आहे,
आवळ नाही, घासणं नाही.
खाली बारीक अक्षरांत :
बोलणे असावे.
मोजणीत धरलेले नाही.